फॉबसची गोष्ट: एकदा शब्दांशिवाय, एकदा शब्दांसकट

जॅझ म्हणजे मोठ्या हॉटेलच्या लॉबीत हळू आवाजात वाजणारं काहीतरी, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. अशा मंडळींसाठी आज चार्ल्स मिंगसची एकच ट्यून. नाव 'फेबल्स ऑफ फॉबस'. यातला फॉबस खराखुरा माणूस, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याचा गव्हर्नर.

थोडा इतिहास सांगावा लागेल, कंटाळू नका. काळ्या आणि गोऱ्या मुलांना सरकारी शाळांत वेगळं बसवणं घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९५४ साली दिला. सप्टेंबर १९५७ मध्ये लिटल रॉक शहरातल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळी मुलंमुली जाणार होती. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबसने नॅशनल गार्डचे सैनिक उभे केले... मुलांना दारातूनच परत पाठवायला! ४ सप्टेंबरला पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड एकटीच शाळेकडे चालत गेली. हातात वही, डोळ्यांवर गॉगल, मागे किंचाळणारा जमाव. तो फोटो तुम्ही कुठेतरी नक्की पाहिला असेल.

गंमत (हा शब्द इथे बरा नाही, पण असो) म्हणजे फॉबस मुळात कट्टर वगैरे नव्हता. वडील पक्के समाजवादी. त्याचं मधलं नाव 'यूजीन' हेसुद्धा समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांच्यावरून ठेवलेलं. पोराच्या धोरणावर टीका करणारी पत्रं हे वडील टोपणनावाने पेपरला पाठवायचे! पण फॉबसला निवडून यायचं होतं. आला. एकूण सहा वेळा. मनापासून द्वेष करणाऱ्यापेक्षा मतांचा हिशेब मांडून द्वेष करणाऱ्याची मला जास्त भीती वाटते.

यावर संगीतकारांपैकी जो तडकला, त्याच्याकडून कोणाचीच ही अपेक्षा नव्हती. लुई आर्मस्ट्राँग. सदा हसरा, हातात पांढरा रुमाल. ('अलबेला'मधला चिक चॉकलेट आठवतो? मूळचा गोव्याचा. त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे.) गोऱ्यांना खूश ठेवणारा म्हातारा म्हणून नव्या पिढीचे जॅझवाले त्याला हिणवत. १७ सप्टेंबरला तो नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्स गावी कार्यक्रमाला आला होता. योगायोग बघा, लिटल रॉकच्या खटल्यातले न्यायाधीश रोनाल्ड डेव्हिस याच गावचे. हॉटेलच्या खोलीत एका तरुण स्थानिक वार्ताहराशी बोलताना आर्मस्ट्राँगचा बांध फुटला. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यात दम नाही, आणि माझ्या लोकांना अशी वागणूक देणारं सरकार खड्ड्यात जाऊ दे, अशा अर्थाचं तो बोलला. सरकारतर्फे सोव्हिएत रशियाचा दौरा ठरत होता, त्यालाही नकार. छापण्याआधी मजकूर दाखवला तेव्हा गड्याने खाली सही ठोकली. त्याच्या माणसांनी मागाहून सारवासारव करून पाहिली, पण हा एक शब्द मागे घेईना. आठवड्याभरात आयसेनहॉवरनी १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सुमारे हजार सैनिक लिटल रॉकला धाडले. आर्मस्ट्राँगमुळे, असा माझा दावा नाही.

आता मिंगस. स्वभावाने सुतळी बॉम्ब. १९५९ च्या 'मिंगस आह अम' या कोलंबियाच्या रेकॉर्डवर ही ट्यून आली, पण नुसती वाद्यं. तिला शब्दही होते, फॉबसची यथेच्छ टर उडवणारे. कोलंबियाने ते घेऊ दिले नाहीत, अशी कथा नेहमी सांगितली जाते. ऑक्टोबर १९६० मध्ये 'कँडिड' या छोट्या कंपनीसाठी मिंगसने ती पुन्हा रेकॉर्ड केली, या वेळी शब्दांसकट. नाव दिलं 'ओरिजिनल फॉबस फेबल्स'. म्हणजे ओरिजिनल व्हर्जन नंतर रिलीज झालं! आमच्या धंद्यात हे नवीन नाही म्हणा.

शब्दांचं व्हर्जन जास्त झोंबणारं असेल असं वाटतं ना? मला नाही वाटत. पहिल्यात ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन अशी काही डुलत डुलत चाल धरतात, की एखादा ढेरपोट्या पुढारी छाती काढून निघालाय आणि पायात पाय अडकतायत असं दिसायला लागतं. अख्खा माणूस उभा केलाय, एक अक्षर न उच्चारता. पण दुसऱ्यात एक वेगळीच गोष्ट आहे. मिंगस ओरडून प्रश्न विचारतो आणि ड्रमवाला डॅनी रिचमंड उत्तरं देतो. शाळेच्या मैदानात पोरं एखाद्याला नावं ठेवतात ना, अगदी तसं. शाळेच्या दारातून हाकललेल्या पोरांच्या वतीने दोन मोठी माणसं शाळकरी भाषेत चिडवतायत, हे लक्षात आलं तेव्हा माझं हसू थांबलं.

तोपर्यंत फॉबसने आणखी एक पराक्रम केला होता. काळी मुलं नकोत म्हणून १९५८-५९ चं संपूर्ण वर्ष लिटल रॉकची सगळी सरकारी हायस्कूल्स बंद. गोऱ्या मुलांसकट. १९६७ च्या जानेवारीत तो पायउतार झाला. नंतर काही काळ त्याने बँकेत टेलरची नोकरी केली आणि १९८६ साली पुन्हा गव्हर्नरकीसाठी उभा राहून पक्षांतर्गत निवडणुकीत बिल क्लिंटनकडून हरला. मिंगसने मात्र त्याला सोडलं नाही. १९६४ च्या कार्यक्रमांत ही ट्यून ताणत ताणत अर्ध्या तासाच्या आसपास गेली होती.

ऐकणार असाल तर आधी १९५९ ची ऐका, मग १९६० ची. आणि कृपा करून ऑफिसात कोड लिहिताना मागे लावून ठेवू नका. काम होणार नाही.