कुरासावचा मार्ग

अंतिम मुक्कामाचा पुरावा नसेल, तर मधला देश प्रवाशाला वाट देत नाही. १९४० च्या उन्हाळ्यात लिथुआनियातील कौनास येथे अडकलेल्या ज्यू निर्वासितांना म्हणूनच आधी मुक्काम शोधावा लागला. कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटावर जाण्यास व्हिसा लागत नाही, असे डच वाणिज्यदूत यान झ्वार्टेनडाइक यांनी लिहून दिले; गव्हर्नरची अनुमती लागते, एवढे मात्र गाळले. ही लबाडीच म्हणावयाची, तर इतकी पुण्यप्रद लबाडी विरळा! त्या आधारे जपानचे चिउने सुगिहारा यांनी पारगमन-व्हिसा दिले; त्यांच्या यादीत २,१३९ नोंदी आहेत. मग सोव्हिएत निर्गमन-परवाना, डॉलर मोजून घेतलेली तिकिटे, सायबेरिया ओलांडून व्लादिवोस्तोक आणि तेथून बोटीने त्सुरुगा. कुरासावला जवळजवळ कोणीच गेले नाही.