हद्दपार करायचे, तर कायद्यानेच

हल्ली चारचौघांत एक मत हमखास ऐकू येते: हक्क नागरिकांचे, चोरवाटेने आलेल्या परदेशी माणसाला कसले आले हक्क? त्याला वकील, सुनावणी, अपील देणे म्हणजे कायदा मोडणाऱ्याचे लाड. पोलिसांनी धरावे आणि सीमेपार सोडावे. या मतामागची चिंता खोटी नाही. सीमा राखणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष ना राज्यघटनेत बसतो, ना अनुभवात.

आधी घटना पाहू. भाषणस्वातंत्र्य, देशात कुठेही राहण्याचे स्वातंत्र्य हे अनुच्छेद १९ मधले हक्क फक्त नागरिकांचे आहेत. अनुच्छेद १४ मधील कायद्यापुढील समानता आणि अनुच्छेद २१ मधील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण मात्र प्रत्येक व्यक्तीला आहे. ही घटनाकारांची नजरचूक म्हणावी, तर अनुच्छेद २२ आडवा येतो. अटकेचे कारण सांगा, वकील घेऊ द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा, असे तो बजावतो. हे संरक्षण कोणाला नाही, हेही त्याच्या तिसऱ्या खंडात लिहिले आहे: शत्रुदेशाचे नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवलेल्या व्यक्ती. सगळेच परदेशी वगळायचे असते, तर शत्रुदेशीयांना वेगळे काढण्याचे कारणच नव्हते.

न्यायालयांनी हाच अर्थ कायम ठेवला. हावडा स्थानकाच्या यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर सामूहिक बलात्कार झाला. ती परदेशी असल्याने भरपाई देय नाही, असा रेल्वेचा युक्तिवाद होता. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि दहा लाखांची भरपाई कायम केली. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांना 'चालते व्हा' अशा धमक्या मिळत होत्या, तेव्हा त्यांच्या जिवाचे रक्षण करण्याचा आदेश याच न्यायालयाने १९९६ मध्ये राज्य सरकारला दिला.

दुसरा आक्षेप असा, की ज्याने कायदा मोडला त्याने कायद्याचा आसरा मागू नये. महाराष्ट्राने तरी हे म्हणू नये. बंदूक घेऊन मुंबईत उतरलेल्या कसाबला आपण वकील दिला, पुरावे तपासले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील करू दिले आणि मगच २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी दिली. त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. रीतसर प्रक्रियेने गुन्हेगाराला शिक्षा झाली आणि दोन नागरिकांचे प्राणही वाचले. दहशतवाद्याला जे दिले, ते बांधकामावर विटा वाहणाऱ्याला नाकारायचे कोणत्या न्यायाने?

प्रक्रिया टाळली की पहिला बळी नागरिकच ठरतो. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात राबणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपार धाडण्यात आले. त्यांच्या राज्य सरकारने दाद मागितल्यावर त्यांना परत आणावे लागले. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने संशयितावरच टाकला होता, आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो तिथेच ठेवला आहे. आसामातल्या एका माणसाला कागदपत्रांतील नावांच्या स्पेलिंगमधील आणि तारखांमधील किरकोळ फरकांपायी परदेशी ठरवले गेले होते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भारतीय असल्याचा निर्वाळा दिला आणि ठोस आधाराशिवाय कोणावरही असा संशय घेता येणार नाही, असे बजावले. ज्याच्या आजोबांचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेले आहे, अशी घरे महाराष्ट्रातही गावोगाव सापडतील.

याचा अर्थ कोणालाच परत पाठवू नये असा नाही. परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच मान्य केला आहे. प्रश्न तो अधिकार वापरण्याच्या रीतीचा आहे. धरलेल्या माणसाला त्याला कळेल अशा भाषेत कारण सांगावे, वकील मिळावा, कागदपत्रे त्याच्या मूळ गावाकडून पडताळावीत, आणि निर्णयाविरुद्ध दाद मागायला वेळ मिळेपर्यंत त्याला सीमेकडे नेऊ नये. एवढे झाल्यावर तो परदेशी ठरला, तर सरकारने त्याला खुशाल परत पाठवावे. पण माणूस नागरिक आहे की नाही हे चौकशीअंतीच कळते. म्हणून चौकशीचा हक्क फक्त नागरिकांना द्या म्हणणे म्हणजे तो कोणालाच न देणे होय.