छातीतील अर्बुदांवर प्रकाशाचा मारा

कर्करोगपेशीला नेमकेपणाने चिकटणारे प्रतिपिंड आणि प्रकाश पडताच कार्यरत होणारे रंगद्रव्य यांची सांगड घालणाऱ्या उपचाराला ‘प्रकाश-प्रतिरक्षा उपचार’ म्हणता येईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील हिसाताका कोबायाशी यांच्या गटाने त्याविषयीचे संशोधन २०११ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केले.

यातील ‘आयआर ७००’ हे रंगद्रव्य प्रतिपिंडाला जोडून शिरेतून देतात. प्रतिपिंड पेशीपटलावरील ठरावीक प्रथिनाला बिलगला की सुमारे ६९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडला जातो. त्यासरशी रंगद्रव्याची रचना पालटते, पेशीपटल फाटते आणि पेशी फुगून फुटते. प्रतिपिंड नाही किंवा प्रकाश नाही, तेथे इजा अत्यल्प. हेच या पद्धतीचे मर्म होय.

छातीतील अर्बुदांसाठी हे प्रयोग उंदरांवर झाले. काझुहिदे सातो आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या फुप्फुसावरणात पसरलेल्या कर्करोगावर ‘हर-२’ प्रथिन ओळखणारा प्रतिपिंड वापरला. हे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोगपेशींमध्ये काजव्याप्रमाणे उजळणारे विकर आधीच घातलेले असल्याने, उंदीर जिवंत असतानाच अर्बुदाची वाढ वा घट मोजता येते. पुढे जपानमधील नागोया विद्यापीठात मेसोथेलिओमा या फुप्फुसावरणाच्या कर्करोगावर ‘पोडोप्लानिन’ प्रथिन हेरणारा प्रतिपिंड अजमावण्यात आला. मेसोथेलिओमाचे मुख्य कारण अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू हे असून, त्याची पत्रे भारतातील असंख्य घरांवर आजही आहेत.

तथापि, उंदराचे यश माणसाला जसेच्या तसे लागू होत नाही. उंदराची छाती काही मिलिमीटर जाडीची. मानवी ऊतींत मात्र हा प्रकाश एक-दोन सेंटिमीटरच्या पुढे क्षीण होतो. शिवाय मानवी अर्बुद उंदरात रुजावे म्हणून त्याची प्रतिकारशक्ती बहुधा आधीच दुर्बळ केलेली असते; त्यामुळे शरीराचा खरा प्रतिसाद अशा प्रयोगांत पूर्णपणे दिसत नाही. प्रकाश खोलवर नेण्यासाठी श्वासनलिकेत किंवा छातीत दुर्बिणीवाटे प्रकाशतंतू घालण्याचा मार्ग सुचवला जातो.

जपानने सप्टेंबर २०२० मध्ये या उपचाराला सशर्त मान्यता दिली, ती डोके व मानेच्या कर्करोगापुरती. तेथे प्रकाश पोहोचवणे तुलनेने सुकर असते. म्हणूनच गोव्यातील असो वा माळव्यातील धार-देवासचा, छातीच्या कर्करोगाच्या रुग्णाने या संशोधनाकडे आशेने जरूर पाहावे. परंतु त्याच्या प्रतीक्षेत शस्त्रक्रिया, किरणोपचार वा औषधोपचार लांबवू नयेत.