जळालेल्या महालांच्या छाया

शिवाजी पार्कवरील एका स्नेह्यांच्या घरीं परवां जुना स्टीरिओस्कोप आमच्या हातीं आला. भिंगांशीं डोळे लावतांच कागदावरील राजप्रासादाचें दालन खोल होत गेलें. झुंबर जणूं हाताशीं लोंबूं लागलें. युक्ति साधी आहे: किंचित् अंतरावरून घेतलेलीं दोन छायाचित्रें शेजारीं ठेवावीं व प्रत्येक डोळ्यानें आपापलें पाहावें. हें तत्त्व व्हीट्स्टन यांनीं 1838 सालीं मांडलें. ब्रूस्टर यांचें सुटसुटीत यंत्र 1851 च्या लंडन-प्रदर्शनानंतर घरोघरीं पोंचलें.

तिसऱ्या नेपोलियनच्या सँ-क्लू व ट्युलेरी या प्रासादांचीं दालनें फ्रेंच छायाचित्रकारांनीं अशींच टिपलीं. अंधुक दालनांत कांचेवर प्रकाश फार वेळ घ्यावा लागे. हालता माणूस तींत उमटतच नसे. म्हणून राजाविना रिकाम्या खुर्च्याच दिसतात. सँ-क्लू 1870 मध्यें जळाला, ट्युलेरी 1871 मध्यें. दालनें मात्र कागदावर उरलीं.

आमचा शनिवारवाडा 1828 सालीं जळाला, व्हीट्स्टनच्या दहा वर्षें आधीं. मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था 1854 सालीं निघाली, तेव्हां वाड्याचे तट, दरवाजे व जोतींच काय तीं उरलीं होतीं. गणेश रंगमहाल पाहावयाचा तर आम्हांस दोन्ही डोळे मिटावे लागतात. जे जुने वाडे आज उभे आहेत, त्यांविषयीं तरी आमच्या नातवंडांवर ही पाळी येऊं नये.