नळगंगेचें खोरें आणि पाण्याचें नियोजन

अजिंठ्याची डोंगररांग बुलढाणा जिल्ह्यांतील पाण्याची वाटणी करते. माथ्यावर पडलेल्या पावसाचा एक भाग पैनगंगेच्या वाटेनें शेवटीं गोदावरीस मिळतो. दुसरा नळगंगेच्या वाटेनें घाट उतरून पूर्णा व तापी यांतून अरबी समुद्राकडे जातो. वाटा दोन असल्या तरी शेतकऱ्याचें दुःख एकच. काळ्या पाषाणाचा उतार पाणी ठरूं देत नाहीं.

तें अडविण्याची विद्या या जिल्ह्यास नवी नव्हे. घाटावरील सिंदखेडराजा येथें जाधवरावांच्या काळचा मोती तलाव आजही उभा आहे. पाऊस पडेल तेथेंच त्यास बांध घालावा, हें त्याचें साधें सूत्र.

स्वातंत्र्यानंतर मोताळा तालुक्यांत नळगंगेवर धरण झालें आणि कालव्यांनीं घाटाखालील जमिनीस पाणी मिळूं लागलें. परंतु धरण पाणी सांठवितें, पाऊस पाडीत नाहीं. म्हणून 2024 सालीं राज्य शासनानें वैनगंगा-नळगंगा जोड योजनेस मान्यता दिली. भंडारा जिल्ह्यांतील गोसीखुर्द धरणाचें पाणी सुमारें 426 किलोमीटर लांबीच्या जोडकालव्यानें नळगंगेपर्यंत आणावें आणि विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत सुमारें 3 लक्ष 71 हजार हेक्टर जमीन भिजवावी, असा हा संकल्प आहे.

कालव्याच्या टोंकाशीं पाणी सर्वांच्या मागून पोंचतें, हा पाटाखालच्या शेतकऱ्यांचा जुना अनुभव. बुलढाणा या योजनेच्या टोंकाशींच आहे. तेव्हां दूरच्या पाण्याची वाट पाहतांना शिवारांतील पाणी अडविण्याचें काम थांबूं नये, हाच मोती तलावाचा धडा होय.