कोरेगाव तोंडपाठ, आजोबांची पलटण ठाऊक नाही

दर १ जानेवारीला बुलढाण्याहून आम्ही भीमा कोरेगावला जातो. १८१८ तोंडपाठ, पण घरातल्या फौजी आजोबांची बटालियन विचारली, की गप्प! इंग्रजांनी १८९२च्या सुमारास महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडताच १११ महार पलटण उभारली, युद्धानंतर मोडलीही. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. फाळणीत निर्वासितांचे रक्षण करणारे हे जवान सुट्टीवर आले, की गावच्या विहिरीवर अस्पृश्यच! ती पिढी गेली. पेटीतले डिस्चार्ज बुक वाळवीने खाल्ले, पदके भंगारात गेली. फॅमिली पेन्शन घेणाऱ्या काही आज्या मात्र अजून आहेत. त्यांच्या पेन्शनच्या कागदावर आजोबांचा सैनिक क्रमांक असतो. तो आजच उतरवून घ्या.