पंचवीस हजार व्होल्टचं मूळगाव

नगरच्या फलाटावर पुलाशी लाल पाटी दिसते: धोका, २५,००० व्होल्ट. १० फेब्रुवारी २०२३ पासून शिर्डीला येणारी वंदे भारत याच आकड्यावर धावते आणि मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनही त्यावरच धावणार. हा आकडा जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या एका घाटातून आला, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईची हकिकत सगळ्यांना ठाऊक आहे: ३ फेब्रुवारी १९२५, व्हीटी ते कुर्ला, १,५०० व्होल्ट डीसी. १९३० पर्यंत तार पुण्याला आणि इगतपुरीला पोचली. पण कमी व्होल्टेजला तांबं जास्त लागतं, उपकेंद्रंही जवळजवळ. दौंड–मनमाडसाठी एवढा खर्च कोण करणार?

जर्मनांकडे जास्त व्होल्टेजचा एसी होता, पण त्याची फ्रिक्वेन्सी वेगळी, म्हणजे वीजपुरवठा निराळा. गावात दिवे लावणारी ५० सायकलची वीजच इंजिनाला चालेल का, हे त्यांनी १९३६ मध्ये फ्रायबुर्गजवळच्या होलेन्टाल मार्गावर २०,००० व्होल्ट लावून पाहिलं. १९४५ नंतर तो मुलूख फ्रेंचांकडे आला. फ्रेंच रेल्वेतल्या लुई आर्माँच्या इंजिनिअरांनी तिथला अनुभव उचलला, आल्प्सच्या पायथ्याशी स्वतःचे प्रयोग केले आणि आकडा २५,००० वर नेला. तिथेच का थांबले? माझा तर्क असा की त्याहून वर गेलं तर जुन्या बोगद्यांत तारेभोवती मोकळी जागा पुरेना. भारताने १९५७ मध्ये हीच पद्धत घेतली. सल्लागार फ्रेंच रेल्वे.

यावर हंगेरीवाले आपल्या काल्मान कांदो या इंजिनिअरचं नाव पुढे करतात. बुडापेस्टच्या पश्चिमेला १९३२ पासूनच ५० सायकलवर, १६,००० व्होल्टवर गाड्या धावत होत्या. कबूल. पण कांदोच्या इंजिनाच्या पोटात गरगरणारं अवजड यंत्र होतं. तारेतल्या एका फेजचे ते अनेक फेज करी. फ्रेंचांनी तशीही इंजिनं बनवून पाहिली. बाजी मारली ती इंजिनातच एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरने, आणि तो होलेन्टालच्या चढावर आधीच कसाला लागला होता. भारतात आलेली पहिली एसी इंजिनंही रेक्टिफायरवालीच. कुळी यावरून ठरवावी, नुसत्या फ्रिक्वेन्सीवरून नव्हे. हां, वंदे भारतच्या डब्याखाली आज एका फेजचे तीन होतात, तेही इलेक्ट्रॉनिक्सने. तेवढं श्रेय कांदोच्या पदरात टाकायला माझी हरकत नाही.

होलेन्टालने स्वतः मात्र १९६० मध्ये ही वीज सोडून जर्मनीची जुनी १५,००० व्होल्टची पद्धत धरली.

आपल्या जिल्ह्यात भांडण व्होल्टेजवरून नाही, तार कुठून न्यायची यावरून आहे. संगमनेरवरून आखलेला पुणे–नाशिक सेमी हायस्पीड मार्ग खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीपाशी अडला. आकाशातल्या क्षीण रेडिओलहरी टिपणाऱ्या तबकड्यांना विजेच्या गाड्यांचा गोंगाट परवडत नाही. मार्ग शिर्डीकडून वळवायचं म्हटलं, तर संगमनेरकर जुन्याच आखणीवर अडून बसले.